सोमारीनं त्याला भाऊ म्हटलं नाही

फाट्यावर जीप थांबली ती लंगडतच. पुढचं एक चाक रस्त्याकडे बघत होतं, दुसरं मोहाच्या झाडाकडे. झाडाखाली फुलांचा पिवळट सडा, आणि साऱ्या हवेत तो गोड, जड वास…

सोमारी लोहारशाळेत नीलाबाईच्या विळ्यावर कानस चालवत होती; म्हातारी शेजारीच बसली होती. कोणीतरी उन्हातून सावलीत आलं. तिनं मान वर केली नाही. आधी दिसले ते पाय. कातडी चपला, आणि डाव्या अंगठ्याचं काळंनिळं नख.

कानस जागच्या जागी थांबली.

हे नख तिच्या ओळखीचं होतं. होळीच्या आधी मूल गावाला, मामाच्या घरी, ती पाटावर मान खाली घालून बसली होती, तेव्हा पाहायला आलेल्या मुलाचं तेवढंच तिला दिसलं होतं. मामीनं तिचे हात पदरात गुंडाळून ठेवले होते आणि कानात सांगितलं होतं, बाहेर काढू नको. आधीचं एक स्थळ हातांवरचे घट्टे पाहूनच परतलं होतं. मामा तर खुशाल बोलून गेला की पोरगी आमच्याच घरी वाढली, भात्याजवळ कधी गेली नाही. मुलाची आई म्हणाली होती, "बरं झालं. आमी भाता मोडला, पोरगा डायवर हाये. घण मारनारी सून नको मले."

तिकडून होकार अजून यायचा होता. रोज सांजेला बाप रस्त्याकडे बघायचा, आणि सोमारी बापाकडे बघायची नाही.

आणि आज तो मुलगा समोर. तिचा पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे, शेजारी घण उभा. राखेत तोंड लपवता आलं असतं तर तिनं लपवलं असतं.

त्यानं लोहारबुवा कुठं म्हणून विचारलं. बाप कोळशासाठी जंगलात गेलाय, सांजेला येईल, असं ती विळ्याशीच बोलली. त्यानं ओळखलं नसावं. ओळखणार कसं? त्यानं पाहिला तो फक्त भांग. काजळीखालचं तोंड कोणाचंही असू शकतं…

"अवो, डायवरभाऊले पानी तं दे," नीलाबाई म्हणाली. म्हातारीची नजर विळ्याहून तेज.

सोमारीनं तांब्या पुढं केला. "घ्या," एवढंच म्हणाली.

"येनाऱ्या-जानाऱ्या सगळ्यायले भाऊ म्हनते ही. तुमाले काऊन नाई म्हनत, काय माईत."

तो पाणी पिता पिता हसला. ठसका लागला त्याला. सोमारीचे कान भट्टीतल्या लोखंडासारखे झाले.

जीपचं दुखणं त्यानं दाखवलं. चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाला वाटीत बसवलेली गोळी असते. तीच झिजून खिळखिळी झाली होती. नवी चांद्याहून आणली होती, फडक्यात गुंडाळलेली. पण जुनी सुटेना. गोळीची निमुळती दांडी चाकाला जोडलेल्या लोखंडी भुजेच्या भोकात अशी गच्च रुतली होती की जणू दोन्ही एकाच लोखंडाची. त्यानं नट काढून वरून हातोडा घातला होता. दांडी निघाली नाही, उलट तिचं डोकं चेपून अळंबीसारखं पसरलं होतं.

"हे कोनी केलं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

तो जीपच्या टपाकडे बघू लागला. "मीच… केलं." मग हळूच म्हणाला, "ठेकेदाराले सांगू नका, गाडी त्याची हाये."

मूलला मध्यस्थानं सांगितलं होतं, पोरगा अख्खी मोटार खोलून बसवतो. सोमारीला ते आठवलं आणि त्याच्या जागी तिलाच खाली बघावंसं वाटलं.

तिनं कानशीनं ते पसरलेलं डोकं घासून भोकातून जाईल एवढं केलं. तेवढं घण न उचलता होण्यासारखं होतं. पुढचं त्यानंच सांगितलं. नागपूरला उस्तादाला त्यानं पाहिलं होतं: दांडीवर मारायचंच नाही, भोकाच्या दोन्ही अंगांनी दोन घाव एकाच वख्ती घालायचे, भोक क्षणभर दबतं आणि दांडी सोडून देतं. त्याचे हात दोन, पण दोन्ही एका हातोड्याला लागायचे. दुसरं माणूस हवं.

नीलाबाईनं आपले काडीसारखे दंड दाखवले आणि तंबाखू मागायला पलीकडच्या घरी निघून गेली.

सोमारी घणाकडे बघत राहिली. न उचलला तर हा सांजेपर्यंत थांबेल, बाप येईल, आणि मूलला पाहिलेल्या बापाला तो लगेच ओळखेल. उचलला तर… भात्याजवळ न गेलेल्या पोरीला कोणी एका झोक्यात घण खांद्यावर घेताना पाहिलंय?

तिनं घेतला.

तो भुजेच्या दुसऱ्या अंगाला सरकला. त्यानं हातोडा मारला, मागोमाग तिचा घण पडला. काही नाही. पुन्हा त्याचा हातोडा, मागोमाग घण. दांडी हूं की चूं करेना.

"तुमी मांगून मारून राह्यल्या."

"घण मांगूनच पडते. बाप हातोड्यानं दाखवते, मी मारते." बोलली, आणि जीभ चावली.

"आज कोनी कोनाले दाखवाचं नाई. संगच."

संगच म्हणजे कसं? तिच्या दंडाला ते माहीतच नव्हतं. मोहाच्या भरल्या टोपल्या दोघी मिळून डोक्यावर घेताना बाया गातात, ते तिला आठवलं. परक्या माणसासमोर गायचं, आणि तेही या माणसासमोर… तिनं भुजेकडे तोंड केलं आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं—

मोह गळे रानामंदी, टोपली गं भरली,
एक हात हिचा, एक तिचा, संगच उचलली

पहिल्यांदा तो चुकला. दुसऱ्यांदा ती. तिसऱ्यांदा 'उचलली'वर दोन्ही घाव असे पडले की आवाज एकच झाला, आणि दांडी टक्कन खाली सुटली. दांडा धुळीत लोंबत राहिला. दोघंही त्याच्याकडे बघत, धापा टाकत.

"मामानं खोटं सांगतलं," तो हात पुसत म्हणाला.

सोमारीच्या हातून घण खाली टेकला. लाज अशी आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "कवा ओळखलं? घण उचलला तवा?"

"मूललेच."

"मी तं हात झाकून होती."

"हात झाकले. पाय उघडे होते."

तिनं खाली बघितलं. पावलांवर ठिणग्यांचे पांढुरके डाग, चांदण्यांसारखे विखुरलेले. ते झाकायचं मामीलाही सुचलं नव्हतं.

"माझ्या मायच्या पायावर असेच हायेत," तो म्हणाला. "बाप असेतोवर तिनंच घण मारला. आता उजवा हात वेनीपर्यंत जात नाई तिचा. म्हून म्हनते ती तसं. तुमाले तरास नको म्हून." थोडा थांबला. "मी तवाच बोलाले पाह्यजे होतं. पन माझ्या मिस्त्रीगिरीची बढाई सुरू होती नं… मान वर कराची हिंमत नाई झाली. मले नुसती चालवता येते."

"दिसलं ते," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

नवी गोळी बसवताना दोघांची बोटं दोनदा लागली. दोन्ही वेळा आधी कोणी हात काढला ते सांगता आलं नसतं. पुढच्या बाजाराला आईला इथंच, लोहारशाळेत आणतो, म्हणाला. तो आपली बढाई खोटी म्हणून सांगेल. तिनं हात दाखवायचे.

"तिनं नाई म्हटलं तं?"

"मंग पुन्हा मारू. पन संगच."

"आधी कोन बोलन?"

"कोनीच आधी नाई."

जीप गडचिरोलीच्या रस्त्याला लागली, सरळ. धूळ खाली बसेपर्यंत सोमारी उभी राहिली. मग विळा घेऊन बसली, पदर कमरेलाच खोचलेला.

नीलाबाई तंबाखू मळत परत आली. "गेला वाटते. पोरगा बरा होता. नाव काय गं त्याचं?"

लटारू. नाव तिला मूलपासून ठाऊक होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. बायका ज्याचं नाव घेत नाहीत, तसं. सोमारीनं मान खाली घातली आणि कानस चालवत राहिली.

नीलाबाईचा मळता अंगठा थांबला.

"असं हाये का," ती म्हणाली, आणि पुढं काही विचारलं नाही.