कोरड्या चादरींचं वजन

ज्याला हे खोटं वाटेल, त्याने माझ्या धाकट्या बहिणीला जाऊन विचारावं. मी तिथे हजर नव्हतो. पण तिने सांगितलं तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, आणि तो बर्फासारखा गार पडला होता.

रात्रीची गोष्ट नाही ही. भर दुपारची आहे. लख्ख उन्हातली.

धाकटी आणि तिचा नवरा हॉस्पिटलच्या चादरी धुतात. हॉस्पिटल टेकडीवर, यांचं धुण्याचं मशीन खाली. नवरा इस्त्री करतो, धाकटी पिकअप चालवते. मळलेल्या चादरी खाली आणायच्या, धुतलेल्या वर पोचवायच्या. उतरताना गाडी एकदम ठीक.

चढताना मात्र...

अर्ध्या चढावर गाडीचा दम जायचा. तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला गिअर. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, मागे काळा धूर, आणि गाडी कण्हत कण्हत सरकायची. सायकलवाले पुढे निघून जायचे. एकाने तर विचारलं, "ताई, धक्का देऊ का?"

आणि गाडीत काय? कोरड्या चादरी.

मिस्त्री तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. त्याने आधी डिझेल फिल्टर बदलला. मग एअर फिल्टर. मग टर्बोचा पाईप. सायलेन्सर चोंदला असेल म्हणून तोही उतरवून साफ केला. क्लच प्लेट जळालेली निघाली तेव्हा तर तो खूश झाला. चोर सापडला म्हणाला. नवी प्लेट बसवली.

दुसऱ्या दिवशी गाडी त्याच वळणावर पुन्हा मेली.

धाकटी रडकुंडीला आली. हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टरने बजावून ठेवलं होतं की आता एकदा जरी उशीर झाला, तर काम दुसऱ्याला. ते काम गेलं असतं तर घरात दुसरं काहीच नव्हतं.

मिस्त्रीही इरेला पेटला. त्याने गॅरेजमधलं सगळं भंगार, जुने गिअरबॉक्स, चाकं, पिकअपमध्ये गच्च भरलं आणि तोच चढ चढून आला. तिसऱ्या गिअरमध्ये, शीळ घालत. उतरून हात पुसले.

"वहिनी, इंजिनाला काहीही झालेलं नाही. दोष मालात आहे."

धाकटी भडकली. चादरी कधी लोखंडापेक्षा जड झाल्या, फिल्टर संपले म्हणून आता मला वेड्यात काढताय का, असं बरंच काही बोलली.

पुढच्या खेपेला मिस्त्री स्कूटर घेऊन तिच्या मागोमाग निघाला. चढाच्या पायथ्याशी त्याने गाडी थांबवायला लावली. एकेक गाठोडं उतरवायचं आणि थोडं चढून बघायचं. वायरिंगमधला शॉर्ट शोधताना एकेक वायर सुटी करतात, तसं.

एक उतरवलं. गाडी कण्हलीच.

दुसरं उतरवलं. तेच.

मग कोपऱ्यातलं एक गाठोडं त्याने उचललं... आणि मागच्या स्प्रिंगचे पाटे कर्रकन आवाज करून वर आले.

गाडीचा मागचा भाग चार बोटं उंच झाला होता.

मिस्त्रीने गाठोडं परत आत ठेवलं. गाडी खाली बसली. उचललं. वर आली. हातात मात्र ते कापसासारखं हलकं होतं.

धाकटीने ते चाचपून पाहिलं. सगळी गाठोडी ती स्वतः बांधते, गाठ नेहमी वर. याला वर गाठच नव्हती. कापडाची चारी टोकं आत वळलेली होती. तिने बोटांनी दाबून बघितलं...

गाठ आत होती.

आतून मारलेली.

इतक्या दिवसांचा राग मिस्त्रीच्या डोक्यात गेला. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन गाठोडं फाडायलाच निघाला. धाकटीने त्याचा हात धरला. राहू द्या म्हणाली, वर ऑपरेशनसाठी चादरी थांबल्यात.

"मग तुम्ही व्हा पुढे," मिस्त्री म्हणाला. "हे मी स्कूटरवर घालून आणतो. मलाही बघायचंय, काय आहे ते."

नको म्हणायला हवं होतं. तिला कळत होतं. पण ऊन कलायला लागलं होतं. तिने बाकीची गाठोडी भरली, पहिला टाकला, दुसरा, तिसरा... गाडी सरसर चढून गेली.

वर सिस्टरने चादरी मोजून घेतल्या. धाकटी सांगायला लागली की एक गाठोडं मागून येतंय.

"मागून कशाला?" सिस्टर म्हणाली. "सगळ्या आल्यात की."

धाकटीने स्वतः मोजल्या. एकही कमी नव्हती.

फाटकापाशी तिने वाट पाहिली. मिस्त्री आला नाही. ती उतरायला लागली. अर्ध्या वाटेवर, वळणाच्या आधी, तिला आवाज आला...

स्कूटरचा. पूर्ण पिळलेल्या ॲक्सिलरेटरचा.

मिस्त्री दोन्ही पाय रस्त्याला रेटून घामाघूम झाला होता. स्कूटर जागची हलत नव्हती. मागची सीट रिकामी होती.

"भाऊ, गाठोडं कुठंय?"

त्याने मान वळवली नाही.

"खालीच सुटलं. नुसतं फडकं उडून गेलं." मग अगदी हळू म्हणाला, "आतलं उतरलं नाही, वहिनी."

रिकाम्या सीटचा फोम मधोमध दबलेला होता. मागचा टायर रस्त्यावर चपटा झाला होता.

त्यानंतर पिकअप कधीच कण्हली नाही. काम टिकलं.

मिस्त्रीने स्कूटरचा प्लग बदलला, पिस्टन बदलला, शेवटी स्कूटर विकून मोटारसायकल घेतली. तीही साध्या पुलाच्या चढावर मरते. मध्ये एकदा मी त्याला म्हटलं, मला स्टँडपर्यंत सोड. मागची सीट मोकळी होती.

"जागा नाही दादा," तो म्हणाला. खाली बघत.

मी पायी गेलो. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात धाकटी चादरी घेऊन वर चालली होती. त्याच वळणावर मिस्त्री रणरणत्या उन्हात मोटारसायकल ढकलत होता. पिकअपचा हौदा अर्धा रिकामा होता. मोटारसायकल सहज मावली असती. तिचा पाय ब्रेककडे गेला.

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. हात केला नाही. फक्त मान हलवली... नको.

धाकटीने तिसरा गिअर सोडला नाही.