वरच्या खोलीतला गारठा

“तीन मिस्त्री झाले, बाई! तिघंही म्हणाले, बॉयलर ठणठणीत. मग माझीच खोली बर्फ का?” हिल्मा लाहतीने काठी आपटली.

उत्तर अमेरिकेतल्या डुलुथच्या गोठवणाऱ्या जानेवारीत हा प्रश्न जिवावरचा होता. शिवाय मुलगा रेमंड अडूनच बसला होता. “आई, सोमवारी वृद्धाश्रमात तुझं नाव घालतोय. हे घर आता तापत नाही.”

“मी मेल्यावर ने!”

गुप्तहेर अ‍ॅग्नेस कोविचने खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर हात फिरवला. खाली कोमट, वर थंडगार.

“मुलाचंच काम,” तिचा मदतनीस ड्वेन कुजबुजला. “घर विकायचंय त्याला.”

“थांब रे. हिल्माबाई, मिस्त्री येऊन गेल्यावर फरक पडतो?”

“हवा काढतात, पाणी भरतात, की खोली गरम. रविवारी चर्चमधून गात गात परत यावं, तर पुन्हा गार! वीट आलाय.”

“शनिवारी कोण येतं?”

“रेमंड सामान टाकून जातो. आणि माझा भाऊ टोइव्हो येतो, तळघरातल्या सौनात, त्या वाफेच्या खोलीत, घाम काढायला. आत्ताही तिथंच आहे. खुब्याच्या ऑपरेशनपासून मी काही तळघरात उतरत नाही.”

“मीही उतरत नाही,” रेमंड फणकारला. “हल्ली शनिवारी तिथून गंजाचा वास मारतो.”

तळघरात बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा पार खाली आला होता. सौनाच्या दारात टॉवेल गुंडाळलेला टोइव्हो बादली घेऊन बसला होता. पाण्यातून वाफ येत होती; लाकडी बादलीचा तळ काळा झाला होता.

अ‍ॅग्नेसने गार खोलीबद्दल विचारताच टोइव्हो उसळला, “बहिणीला थंडीनं मारू होय मी? गुडघे गेलेत पोरी, अक्कल नाही! इथं नळ एकच, तोही गार.”

अ‍ॅग्नेसने सगळ्यांना तिथंच बोलावलं. हिल्मा कण्हत, एकेक पायरी उतरली.

“नळ गार आहे, मग बादली गरम कशी?” अ‍ॅग्नेस म्हणाली. “बॉयलरचं पाणी वर्षानुवर्षं तेच. तापतं, नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतं, गार होऊन परत येतं. म्हणून ते काळं, गंजाच्या वासाचं. हा बॉयलर जुना, हातानं भरावा लागतो. पाणी घटलं की सर्वांत वरच्या रेडिएटरमध्ये हवा बसते.”

पंगतीत मधल्यानेच पातेलं रिकामं केलं, तर शेवटच्या पानावर काय पडणार?

टोइव्होची मान खाली गेली. “जिना चढून गरम पाणी आणवत नव्हतं गं. बॉयलरची तोटी हाताशी होती. दोनचार बादल्यांनी काय होतंय, म्हटलं.”

“गाढवा! स्वतःचं बूड शेकायला माझी खोली गार केलीस!” हिल्माचा आवाज चिरकला. मग तिने आपला स्वेटर काढून त्याच्या उघड्या खांद्यावर टाकला.

“आई, पण सोमवारी...”

“सोमवारी प्लंबरला आण. मामाला इथं गरम पाण्याचा नळ बसवून दे.”