शेपटी आपल्याकडे ठेव

माझं हेलिकॉप्टर त्याच्या डोक्यावर पडलं आणि वर मीच त्याच्यावर ओरडले.

"डोळे फुटले का रे तुझे? बाजूला व्हायला काय झालं होतं?"

डोकं चोळत त्यानं ओल्या वाळूतून ते लाल खेळणं उचललं आणि चक्क हसला. "नागावच्या किनाऱ्यावर भर दुपारी हे उडवतात होय? त्या माडाच्या झावळ्या बघ जरा वाऱ्यात, मग भांड."

आमच्या होमस्टेत उतरलेला एक पाहुणा ते रिमोटचं हेलिकॉप्टर विसरून गेला होता. फोन केला तर म्हणाला, राहू दे तुम्हालाच. माझा दादा म्हणाला, "दीक्षा, तुला नाही जमायचं ते." झालं! असं कुणी म्हटलं की मला चैन पडत नाही.

हा प्रफुल्ल. गणराजदादांची बोट चालवायचा, पर्यटकांना बसवून समुद्रात सुसाट फिरवून आणणारी. रिमोटच्या खेळण्यांचं वेड त्याला शाळेपासूनचं.

"सकाळी ओहोटीला ये. तेव्हा वारा नसतो. शिकवतो तुला."

"आणि बदल्यात?"

"चहा. तुझ्या हातचा."

"माझ्या हातचा पिऊन कुणी परत येत नाही."

"मी येईन," तो म्हणाला.

आला की! त्यानं हेलिकॉप्टरच्या पायांना बांबूच्या कामट्यांची फुली बांधली, टोकांना प्लास्टिकचे चेंडू लावले, कलंडू नये म्हणून. "शेपटी आपल्याकडे ठेव," हा त्याचा मंत्र. "तोंड तुझ्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. नवशिके तिथंच आपटतात. वीतभर उचल... बस. आता तिथंच धर."

वीतभर उंचीवर एका जागी धरायचं, एवढंच. पण रिमोटची काडी जरा जास्त ढकलली की महाशय निघाले समुद्राकडे!

"अगं, हलक्या हातानं! कणीक तिंबतेस का?"

"तू तिंबून दाखव एकदा!"

मग तो माझ्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवायचा. काडी किती हलवायची ते दाखवायला... पण बोट तिथंच राहायचं. तेवढा वेळ ठेवायची काही गरज नव्हती. मीही काढ म्हटलं नाही.

एक मात्र होतं. मी बाजूला उभी राहून चहाचा पेला पुढे केला, की हा ढुंकूनही बघायचा नाही. शिष्ट मेला! समोर गेले की लगेच चेहरा फुलायचा. "समोरच उभी राहत जा ना," म्हणायचा. "नीट बघता येतं तुला." आणि मी वेडी, लाजायचे.

संध्याकाळी उडवायला मात्र तो कधी तयार नसायचा. एकदा बोट दुरुस्तीला गेली होती, तेव्हा मी हट्टच धरला. सूर्य नुकताच बुडाला होता, पण वाळूतली खेकड्यांची बिळंही मला दिसत होती. हेलिकॉप्टर अचानक माझ्याकडे तोंड करून वळलं. मी घाबरले आणि रिमोट त्याच्या हातात कोंबला.

"घे, घे लवकर!"

तो नुसता समोर बघत राहिला. "कुठंय?"

"अरे, हे काय, माझ्या उजवीकडे!"

"दीक्षा... कुठंय?"

पातं माझ्या कोपराला लागलं. रक्त आलं. तेही त्याला दिसलं नाही. माझ्या आवाजाच्या दिशेनं हात पुढे करून येताना तो पडलेल्या हेलिकॉप्टरला अडखळला.

"अंधारायला लागलं की दिसत नाही मला," वाळूत बसून तो म्हणाला. "बाजूचं तर दिवसाही नाही. डॉक्टर म्हणाले, कमी कमीच होत जाणार. औषध नाही यावर."

"आणि रोज सूर्यास्ताची फेरी मारतोस? माणसं बसवून?"

"पाण्याचा अंदाज आहे मला." मग घाईघाईनं म्हणाला, "गणादाला सांगू नकोस. बोट गेली तर माझ्याकडे आहे काय? दीक्षा... प्रेम आहे माझं तुझ्यावर. शपथ आहे तुला."

किती वाट बघितली होती मी या शब्दांची! आणि ते आले ते असे, माझं तोंड बंद करायला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. ओढणी कोपराला गुंडाळली आणि त्याला तिथंच सोडून घरी आले. मग मात्र हुंदका आवरला नाही.

बोट दुरुस्त होऊन आली त्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले. बोटीत एक बाई आणि तिची दोन लहान मुलं बसली होती, अंगात केशरी जॅकेटं. प्रफुल्ल स्टिअरिंगपाशी. मी गुडघाभर पाण्यातून गेले आणि चढले.

"अगं दीक्षे, तू कुठं चालली?" गणराजदादा ओरडले.

"फिरायला."

मी पुढच्या टोकाला बसले, समुद्राकडे पाठ करून, त्याच्या अगदी समोर. "चल, प्रफुल्ल. पाण्याचा अंदाज आहे ना तुला?"

त्याचा हात चावीकडे गेला आणि थांबला. "काका, चला ना!" मुलगा ओरडला. कितीतरी वेळ तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं चावी काढून घेतली.

"गणादा, मी न्हाय नेत. मला संध्याकाळचं दिसत न्हाय."

"काय बोलतोस काय? कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापासून."

गणराजदादांनी त्याच्या हातातून चावी घेतली. बाईनं मुलांना ओढून खाली उतरवलं आणि त्याला नको नको ते बोलली. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं.

"मी बसले म्हणून थांबलास," मी म्हणाले. "ती पोरं आधीपासून बसली होती."

"हो," तो म्हणाला.

एवढंच. निदान खोटं तरी बोलला नाही.

अंधार पडला होता. उतरायला त्याला बोटीची कड सापडेना. मी हात दिला. गार पडला होता त्याचा हात.

"तू जा घरी," सुरूच्या झाडांपाशी आल्यावर तो म्हणाला. "असल्या माणसाच्या नादी लागू नकोस."

"मला शहाणपण शिकवू नकोस. राग आहे मला तुझा, वर्षभर पुरेल एवढा. उद्या सकाळी बाबांना भेटायला ये."

"कशाला?"

"मागणी घालायला. आणखी कशाला?"

"दीक्षा... असल्या डोळ्यांनी?"

"म्हणूनच लवकर ये," मी म्हणाले. "दिसतेय तोवर बघून घे मला."