ट्राममधलं भाषण

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात ट्राम चढावर कण्हत होती आणि हेल्वी हार्जू एका हाताने सीट धरून भाषण ठोकत होती.

"काम गेलं की पगार जातो, भूक जाते का? सरकारने साऱ्या देशासाठी विमा काढावा… बेकारीचा, आजारपणाचा, म्हातारपणाचा. ही भीक नव्हे, हा—"

ठण ठण ठण!

"समोर तर चिटपाखरू नाही," हेल्वी चिडून म्हणाली. "घंटा कुणासाठी?"

"माझ्यासाठी." चालकाने मानही वळवली नाही. "गाडीत भाषणाला बंदी आहे. ऐकू आलं तर तुम्हाला उतरवावं लागेल. घंटेच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही, असं सांगता येईल… हं, बोला."

समोरच्या आरशात दोन निळे डोळे हसत होते. हेल्वी पुढचं वाक्य साफ विसरली.

त्याचं नाव ओन्नी सारेला. मंदीत लॉन्ड्री बंद पडून हेल्वीची नोकरी गेली होती. दारोदार फिरून ती लोकांना विम्याच्या सभांना बोलावायची. फिरायला कुठलीही ट्राम चालली असती. पण आताशा ती दोन गाड्या सोडून तिसरीची वाट बघू लागली होती. आणि ओन्नीच्या डब्यातला वेलदोड्याचा गोड पाव रोज अर्धाच खाल्लेला असे; उरलेला अर्धा तो तिच्यापुढे धरी.

"लाच देता?" तिने पहिल्यांदा विचारलं होतं.

"छे! उपाशी माणसाचं भाषण फार लांबतं."

"मग आमच्या सभेला या ना. पोट भरून बोलेन."

"मला काय करायचाय विमा? हातपाय धड आहेत, नोकरी आहे."

हेल्वीचं हसू मावळलं. "माझे बाबाही हेच म्हणायचे," ती हळूच म्हणाली. "मग गोदीवर पाठ मोडली. आता कूस बदलायलासुद्धा मी लागते." हातातला पाव तसाच ठेवून ती पुढच्या थांब्यावर उतरली.

दुसऱ्या दिवशी ओन्नीने घंटा वाजवली नाही, चेष्टाही केली नाही. "बाबा… कसे आहेत?" एवढंच विचारलं. तिने सांगितलं. बराच वेळ सांगत राहिली. टेकडी कधी संपली ते दोघांनाही कळलं नाही.

मार्चमध्ये सिटी हॉलमध्ये सुनावणी ठरली. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने विम्याचा कायदा करावा, असा ठराव नगरसभा करणार की नाही, ते त्या दुपारी कळणार होतं. टेकडीवरची म्हातारी माणसं यायला तयार झाली होती. पण सकाळपासून बर्फाळ पाऊस लागला आणि उतारावरचे रस्ते काचेसारखे झाले.

"अगं पोरी, या रस्त्यावरून मी पोचेन ती थेट टेकडीखालच्या तळ्यात," कांगास आजी काठी टेकत म्हणाली. तिच्यामागे थांब्यावर वीसेक जण कुडकुडत होते. तिकिटाला पैसे कुणाकडेच नव्हते.

तेवढ्यात ओन्नीची ट्राम आली. त्याने हेल्वीकडे पाहिलं, त्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं… आणि दार सताड उघडलं.

"चला, बसा सगळे."

"अहो, फुकट नेताय हे तुमच्या साहेबाला कळलं तर?" हेल्वीने विचारलं.

"कळेलच. पुढच्या थांब्यावरच उभा आहे तो. आजी, हात द्या."

साहेबाने गाडी थांबवली नाही. फक्त चालकाचा नंबर टिपून घेतला.

सिटी हॉलमध्ये हेल्वी बोलली, कांगास आजी बोलली. एक नगरसेवक खुर्चीत रेलून म्हणाला, "कामाचा कंटाळा असलेल्यांनाच हे विमे सुचतात. नोकरी करणारा एक तरी माणूस इथे हे मागतोय का?"

मागच्या रांगेत निळ्या गणवेशातला ओन्नी उभा राहिला. शेवटची फेरी संपवून, गाडीची चावी साहेबाच्या हातात देऊन तो आला होता.

"मी मागतोय."

"तुम्हाला तर नोकरी आहे!"

"होती. तासाभरापूर्वीपर्यंत." हॉलमध्ये हशा उठला, पण तो हसला नाही. "तोवर मलाही वाटायचं, हे दुसऱ्यांचं दुखणं आहे. साहेब, नोकरीतून बेकारीत जायला तासभर पुरतो."

मग मतदान झालं. ठराव एका मताच्या फरकाने पास झाला.

बाहेर पाऊस थांबला होता. कांगास आजी सगळ्यांचे गालगुच्चे घेत सुटली होती. हेल्वी पायऱ्यांवर ओन्नीपाशी आली, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"वेडा आहेस का रे तू? माझ्यापायी नोकरी घालवलीस!"

"तुझ्यापायी नाही. त्या आजीपायी," तो म्हणाला. मग टोपी हातात फिरवत राहिला. "बरं… थोडी तुझ्यापायी. थोडी म्हणजे… पुष्कळ. हेल्वी, मला तू फार आवडतेस. पण आज हे बोलून काय उपयोग? नोकरी नाही, उद्याचा भरवसा नाही. हा कायदा एकदा होऊ दे, काम मिळू दे, मग मी तुझ्या बाबांकडे येऊन रीतसर—"

"कायदा होईपर्यंत?" हेल्वीने डोळे पुसले. "नुसता ठराव झालाय, ओन्नी. वॉशिंग्टन कधी हलेल कोण जाणे! तोवर थांबलो तर लग्नाचा खर्च दोघांच्या म्हातारपणच्या पेन्शनमधून करावा लागेल."

"म्हणजे… तू—"

"म्हणजे बाबा आत्ता जागे असतील. चल."

त्या निसरड्या चढावर दोघं हातात हात घालून निघाली. दोनदा पडली… आणि दोन्ही वेळा उठायची घाई कुणीच केली नाही.