झाडाखालची तिसरी बाटली

हे खरं घडलंय. विश्वास ठेवायचा की नाही, तुमची मर्जी.

मी फिनिक्समध्ये, भर वाळवंटातल्या शहरात, सिटी बस चालवते. अकरा वर्षं झाली. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायची सवय हाडात भिनली आहे. त्यामुळे वेळेची गडबड माझ्याकडून झाली, असं तरी कुणी म्हणू नका.

जूनचा शेवटचा शनिवार. शहराच्या दक्षिणेकडचा डोंगर. सोबत माझा मोठा भाऊ, फर्मीन.

त्याच्या दोन वर्षं आधी फर्मीननं मला त्याची एक किडनी दिली. आता दोघांकडे एकेक. डॉक्टरांनी दोघांनाही एकच बजावलं होतं... पाणी कमी पडू देऊ नका.

म्हणून साध्या अर्ध्या दिवसाच्या फेरीसाठीसुद्धा आमच्या घरी शुक्रवारी संध्याकाळपासून धांदल असते.

"सहा बाटल्या?" फर्मीन म्हणाला. "डोंगर चढायचाय की वर जाऊन आंघोळ करायचीय?"

"गप बस आणि भर."

बाटल्या अर्ध्याच भरून फ्रीजरमध्ये आडव्या ठेवायच्या. सकाळी वरून ताजं पाणी घालायचं. फर्मीन छपरांची कामं करतो. त्यानं प्रत्येक बाटलीला त्याच्या कामाची हिरवी चिकटपट्टी लावली. पिशवीत खारवलेल्या भोपळ्याच्या बिया, संत्री, पोळीत बीन्स गुंडाळलेले चार बरिटो. निवडुंगाचे काटे काढायला जुना कंगवा.

सकाळी आई दारात उभी.

"निम्मं पाणी संपलं की मागे फिरायचं. शिखर-बिखर गेलं खड्ड्यात."

"आई, हिच्या पोटात माझा माल आहे," फर्मीन म्हणाला. "मी हिला वाळू देईन का?"

साडेपाचला आम्ही वाटेला लागलो. कडक उन्हाच्या दिवसांत सकाळी आठलाच फाटक बंद होतं. त्याआधी खाली यायचं होतं.

अर्ध्या तासावर एक वाकडं पालोवेर्देचं झाड आहे. फर्मीननं तिथे दोन बाटल्या सावलीत लपवल्या. ओझं कमी करायला आमच्याकडे सगळेच असं करतात. जाताना ठेवायच्या, येताना उचलायच्या. दुसऱ्याच्या बाटलीला मात्र कुणी हात लावत नाही. तिच्या भरवशावर कुणीतरी वर गेलेलं असतं.

शिखर झालं. परत त्या झाडापाशी आलो तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. सोबतच्या चारही बाटल्या रिकाम्या.

फर्मीननं न बघताच झाडाखाली हात घातला, बाटली काढली आणि घटाघटा प्यायला.

"वा! बर्फ अजून आहे बघ."

त्या उन्हात... बर्फ?

मी घड्याळ पाहिलं आणि दुसरी बाटली काढायलाही थांबले नाही. खाली वाहनतळ दिसत होता. आमची पांढरी गाडी दिसत होती. वीस मिनिटांची उतरण.

आम्ही उतरायला लागलो.

मागून आवाज आला... बाटलीत बर्फ हलल्यासारखा.

मी वळून पाहिलं. वाट मोकळी.

फर्मीनच्या हातातली बाटली तर कोरडी होती.

वळण घेतलं... आणि समोर तेच वाकडं झाड.

"वाट चुकलो," फर्मीन म्हणाला.

"एकच वाट आहे, फर्मीन."

पुन्हा उतरलो. पुन्हा तेच झाड.

तिसऱ्यांदा तो खाली वाकला आणि तसाच थांबला.

"मारी... आपल्या दोन्ही बाटल्या इथेच आहेत."

हिरवी पट्टी. दोन्हींवर. झाकणं घट्ट.

त्याच्या हातातल्या बाटलीवर पट्टी नव्हती.

"मग मी प्यायलो ते कुणाचं?"

मी आणीबाणीचा नंबर लावला. लागला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "जागा कळायला वाटेवरच्या जवळच्या खांबावरचा आकडा सांगा."

"सात."

पलीकडे कीबोर्डची टकटक.

"मॅडम, त्या वाटेवर सहाच खांब आहेत."

फोन कटला.

खाली शहर तसंच होतं. कुणाच्या तरी अंगणातला निळा पोहण्याचा तलाव, त्यात उड्या मारणारी मुलं. मी ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले. एकानंही वर पाहिलं नाही. एवढ्या जवळ शहर आणि आम्ही कोंडलेलो. अशी भीती मला ऑपरेशनच्या टेबलावरही वाटली नव्हती.

फर्मीन खडकाला टेकला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. घाम थांबला होता. उन्हात घाम थांबला म्हणजे उष्माघात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मी आमची बाटली उघडून त्याच्या तोंडाशी नेली.

बर्फाचा आवाज... अगदी माझ्या कानाशी.

तेव्हा मला कळलं काय करायचं ते. का कळलं, विचारू नका.

"तू प्यायलास ते पाणी परत द्यावं लागेल," मी म्हणाले.

"वेडी झालीस? एवढंच आहे आपल्याकडे. तू मरशील."

"आणि इथे राहून काय होईल?"

मी ती बिनपट्टीची बाटली घेतली आणि आमचं पाणी तिच्यात ओतलं. आमची एक बाटली संपली. पण बिनपट्टीची भरली नाही. दुसरी ओतली. शेवटच्या थेंबाला ती काठोकाठ भरली. झाकण लावून मी ती सावलीत ठेवली.

हाताला बाटली गार लागली. आतलं पाणी गोठत होतं.

मी फर्मीनला खांद्याचा आधार दिला. वळण घेतलं. झाड आलं नाही.

फाटकाशी पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं. फाटकावरचा रखवालदार धावत आला.

"कुठून आलात? आठला फाटक लावून मी दोनदा अख्खी वाट फिरून आलो. कुणी नव्हतं!"

"आत्ताच तर आठ..."

त्यानं त्याचा फोन दाखवला. संध्याकाळचे पाच.

नऊ तास. पाण्याशिवाय. त्या उन्हात.

हॉस्पिटलमध्ये मला दोन दिवस सलाईन लावलं. माझी किडनी थोडक्यात वाचली. फर्मीनचे रिपोर्ट मात्र अगदी चांगले आले. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहे.

या गोष्टीला चौदा महिने झाले.

फर्मीन भर उन्हात छपरांवर काम करतो. त्याला घाम येत नाही. मी त्याला पाणी पिताना एकदाही पाहिलेलं नाही.

मागच्या रविवारी शेवटी मी विचारलंच. "फर्मीन, तुला तहान लागत नाही का रे?"

तो हसला. अगदी फर्मीनसारखाच.

"तहान? ती तर मी वरच ठेवून आलो ना."

आई रोज जेवताना त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवते. ताटं उचलताना तो भरलेला ग्लास मी मोरीत ओतते. आईला अजून काही सांगितलेलं नाही.