कुंकवाखालचं चित्र

"भंगारवाला नाक्यावर आलाय! त्याने नेण्याआधी ती बॅटरी बघायचीच!" मर्विनने सायकल खुशीच्या अंगणातल्या केळीला टेकवली.

दिवाळीची सुट्टी होती, पण निर्मळमधल्या दोन घरांत एकही फटाका वाजला नव्हता. दसऱ्याला खुशीच्या बाबांच्या, सुधाकररावांच्या, गाडीची बॅटरी फुटली आणि त्यांचा उजवा डोळा गेला. बॅटरी मर्विनच्या पप्पांच्या दुकानातली. "जुना माल गळ्यात मारला!" असं सुधाकरराव गावभर सांगत होते. दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. शनिवारी कुलूप लागणार होतं.

खुशीने शेडचं दार उघडलं.

"हात नको लावू, ॲसिड असतं!" मर्विनने पप्पांचे रबरी हातमोजे चढवले. ते कोपरापर्यंत आले.

"आले मोठे डॉक्टर!" त्याची धाकटी बहीण एस्थर म्हणाली. कुणी हसलं नाही.

फुटलेल्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. खाली वाळकं केळं, त्यात खोचलेल्या अगरबत्त्या आणि एक अर्धवट जळलेली काडी.

"अगं, चार्जरचे चिमटे अजून बॅटरीलाच आहेत! चार्जिंग चालू असतानाच पूजा केली?"

"हो," खुशी म्हणाली. "वाऱ्याने काडी विझत होती. बाबा म्हणाले, दार लाव. मीच लावलं."

मर्विनने ओल्या फडक्याने कुंकू पुसलं. खाली आगीच्या ज्योतीवर फुली मारलेलं चित्र होतं!

"सीलबंद असली तरी चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा गॅस निघतो. पप्पा प्रत्येकाला सांगतात, दारं-खिडक्या उघडा, आग लांब ठेवा."

खुशीला रडू फुटलं. "आता हे बाबांना कसं सांगू रे? आधीच त्यांचा डोळा गेलाय!"

"मग नको सांगू," मर्विन म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

खुशीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याचे हातमोजे मागून घेतले, झाकण उचललं आणि ती ओट्यावर बसलेल्या बाबांकडे गेली.

सुधाकरराव ते चित्र कितीतरी वेळ बघत राहिले. "सीलबंद म्हणजे काही बघायलाच नको, असं वाटलं मला," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी ते पोरांना घेऊन मर्विनच्या पप्पांच्या दुकानात गेले. चार गिऱ्हाइकं असती तर बरं झालं असतं, पण दुकान रिकामंच होतं.

"चूक माझी होती. नाव तुमचं खराब केलं. उद्या गावभर हेच सांगेन. पोरांनी शोधून काढलं."

मर्विनच्या पप्पांनी त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. मग म्हणाले, "शाब्बास रे पोरांनो! मोठ्यांना जमलं नसतं."

"माझी खुशी तर फारच धीराची!" सुधाकररावांनी मान वळवली. "अरे, कुठे गेली ती?"

ती त्यांच्या उजवीकडेच उभी होती. तिने डोळे पुसले आणि ती त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.