एकट्याला तंबू नाही

“मानसं मोजून चहा टाकते मी, आन दर रविवारी पातेलं कमीच पडतंय,” गोजराआत्या चुलीपुढं पुटपुटली. “कोन तरी फुकटचा पितोय. सांगून ठिवते.”

जान्हवी तिच्या शेजारीच पोहे भिजवत बसली होती. गुडघ्याला गुडघा लागत होता, त्यामुळं ऐकू न आल्याचं सोंगही घेता येईना. ती आपली पोह्यांतून हात फिरवत राहिली, जणू त्यात कुणाची अंगठी पडलीय.

“थंडीत लोक जास्त पितात गं आत्या.”

“व्हय. आन वहीत ज्यांची नावं न्हाईत, ते बी पितात.”

आत्यानं एवढं बोलून फुंकणी उचलली. तिच्या फुंकणीतही टोमणा असायचा.

पातेलं कुणामुळं कमी पडतं, ते जान्हवीला ठाऊक होतं. मार्गशीर्षातली गोष्ट. नुकतं उजाडलं होतं आणि ती धरणाच्या कडेनं, त्यांच्या कॅम्पवर उतरलेल्या पाहुण्यांनी फेकलेल्या बाटल्या गोळा करत निघाली होती. धुकं इतकं की स्वतःचाच हात परक्याचा वाटावा. करंजाच्या झाडापाशी ती वळली आणि समोर एक तंबू. राखाडी, एका माणसापुरता. तंबूच्या तोंडाशी पांघरूण लपेटून एक जण पाण्याकडं बघत बसलेला.

“तुम्ही आमच्याकडचे का?” तिनं विचारलं.

“हो,” तो म्हणाला. डोळ्याचं पातंही लवलं नाही.

“आमचे तंबू नारिंगी असतात.”

त्यानं मागं वळून तंबूकडं नीट बघितलं. “धुक्यामुळं तसा दिसत असेल...”

हसू यायला नको होतं, पण आलं. आणि एकदा हसून झाल्यावर माणसाला चोर म्हणणं अवघड जातं. ती नुसतं म्हणाली, “चहा वर मिळतो. आमच्याकडच्यांना.”

तो आला. रांगेत उभा राहिला, पेला हातात घेतला आणि पुढं सरकायचं सोडून थांबला. “तुम्ही घेतलात?”

“काय?”

“चहा.”

दोन वर्षं ती लोकांना चहा देत होती. तिनं घेतला का, असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं मान हलवली. ती हो होती की नाही, तिचं तिलाच कळलं नाही.

तेव्हापासून शनिवारी दिवस मावळताना करंजामागं राखाडी तंबू उभा राहायचा. बाटल्या गोळा करायला जान्हवी आधी उजवीकडून जायची, ती आता डावीकडून जाऊ लागली, कारण डावीकडं करंज होता.

त्याचं नाव निषाद. लातूरकडचा. हिंजवडीत नोकरी, नांद्याला भाड्याचं घर.

“नोकरी आहे, पगार आहे,” ती एकदा म्हणाली, “मग फुकट राहायला लाज नाही वाटत?”

“वाटते ना. तंबू राखाडी आहे तो काय उगीच?”

“आणि रीतसर फोन करून यायला काय होतं?”

“केला होता.” तो तिच्याकडं न बघता वाळलेलं गवत तोडत होता. “पलीकडून एक बाई म्हणाल्या, किती जण? मी म्हणालो, एक. त्या म्हणाल्या – एकट्याला तंबू देत नाही हो दादा. जोडपं नाहीतर ग्रुप.”

जान्हवीच्या हातातली बाटली तशीच राहिली. बुकिंगचा फोन तीच घ्यायची. आणि फाटकावरचा ‘एकट्यास प्रवेश नाही’ हा बोर्डही तिच्याच अक्षरातला. एकटा माणूस पाण्याकाठी येऊन काय करील, याचा नेम नाही, असं तिच्या वडिलांचं, अण्णांचं म्हणणं. सगळ्याच कॅम्पवाल्यांचं तेच म्हणणं.

“तुम्ही... आवाज ओळखलात?”

“इतक्या मऊ आवाजात कुणी नकार दिला नव्हता. म्हटलं, एकदा समोरून ऐकावा.”

“मग ऐकवू?”

“नको. आता नाही सोसायचा.”

पलीकडच्या काठावर एक होडी धुक्यात अर्धी दिसत होती.

“शनिवारी ऑफिस सुटलं ना,” तो थोड्या वेळानं म्हणाला, “की सोमवारपर्यंत मला माझाच आवाज ऐकू येत नाही. इथं निदान तुमची आत्या ओरडते. बरं वाटतं.”

आत्या काय, अण्णाही ओरडत. फुकट्या सापडला तर तंगडं मोडीन, असं अण्णा आठवड्यातून एकदा तरी म्हणत. पण ते ओरडणं फुकट्यांपुरतं. मागच्याच आठवड्यात गाडीत सामान चढवताना एका ग्रुपच्या बॅगेतून कॅम्पचा कंदील खाली पडला. “अंकल, आठवण म्हणून घेतला,” म्हणत पोरं हसली. अण्णाही हसले आणि म्हणाले, “न्या, न्या.” गाडी गेल्यावर आत्या म्हणाली, “आठवन? आमच्यात याला येगळा शबूद हाय.”

“गिऱ्हाईक हाय, गप ऱ्हा.”

उशा गेल्या, टॉवेल गेले, एकदा तर कॅम्पच्या नावाची पाटी गेली. पैसे भरलेल्यानं नेलं की आठवण, आणि न भरलेल्यानं नुसती हवा खाल्ली तरी चोरी, असा अण्णांचा सरळ हिशोब होता. आता ज्या काठावर हे तंबू उभे होते, तो पाणी ओसरलं की उघडा पडायचा. तो कुणाच्या मालकीचा, हे अण्णांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं, आणि कुणी सांगायलाही आलं नव्हतं. सांगायला आलंच तर आजोबांचं शेत पाण्याखाली कुठं आहे, ते बोटानं दाखवायची अण्णांची तयारी होती.

जान्हवीच्या बाबतीतही असाच सोयीचा हिशोब. गाव विचारी, “लेक आलीय वाटतं?” अण्णा म्हणत, “चार दिवस आलीय.” हे चार दिवस दोन वर्षं चालले होते. नवऱ्यानं, पियूषनं तिला मारलं नव्हतं, हाकललं नव्हतं. भुकूमच्या त्या नव्या इमारतीत ती घरात आहे, हेच तो हळूहळू विसरत गेला. ती निघून आली, तेसुद्धा त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं. पुढं कोर्टात घटस्फोटाच्या सह्या झाल्या. अण्णा बरोबर होते. परतीच्या वाटेवर पौडला थांबून बापलेकीनं मिसळ खाल्ली. मिसळ तिखट आहे, एवढंच अण्णा बोलले. नंतर एक टेम्पो आला आणि रुखवतातली भांडी उतरवून गेला. आत्यानं ती पुसली आणि कॅम्पच्या फळीवर मांडली. शहरातल्या लोकांना स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला भारी आवडतं, फोटोही काढतात. पण गावात अजून चार दिवसच चालू होते.

तर त्या रविवारी, पोहे फोडणीला पडल्यावर, निषाद रांगेत आला. पेला घेतला. मग तो हातात फिरवून कडेखालची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वाचू लागला. पेल्यांवर नावं घातलेली आहेत, हे रोज विसळून विसळून जान्हवी विसरूनच गेली होती.

“चि. सौ. कां. जान्हवी... आणि चि. पियूष,” तो सावकाश म्हणाला. “नाव छान आहे. म्हणजे, पहिलं.”

ती पुढच्या पेल्यात चहा ओतत राहिली.

“पियूषराव... कधी दिसले नाहीत.”

आत्या चुलीपाशी होती. अण्णा पाहुण्यांना पोहे वाढत होते. ऐकणारे कान भोवती भरपूर होते, आणि तिच्या तोंडून घरचं पाठ झालेलं वाक्य निघून गेलं. “कामामुळं भुकूमला असतात.”

“भुकूम काही लांब नाही.”

“नाही.”

त्यानं चहा संपवला. “येतो,” म्हणाला. नेहमी तो ‘तुम्ही घेतलात?’ विचारायचा. आज विचारलं नाही.

दुपारी भांडी लावताना आत्या म्हणाली, “येक पेला न्हाई. लग्नातला.”

“कुणी नेला असेल आठवण म्हणून,” जान्हवी म्हणाली. मग तिला तिथं उभं राहवेना. ती मागच्या पडवीत जाऊन ओल्या चादरी पिळत बसली, पिळून झालेल्यासुद्धा.

पुढच्या शनिवारी करंजामागं कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कॅम्प मात्र गच्च भरलेला. शेकोट्या, गाणी, तंदूरचा धूर, जोडप्यांचे फोटो. जान्हवी सगळ्यांना हवं-नको बघत फिरायची, आणि एवढ्या गर्दीत तिला सारखं आपण फाटकाबाहेर उभे असल्यासारखं वाटायचं. रविवारी ती डावीकडूनच जायची. तंबू लावायची जागा रिकामी होती. तिथलं गवत दबून पिवळं पडलं होतं. हळूहळू तेही उठून उभं राहिलं.

“हल्ली पातेलं उरतंय,” आत्या म्हणाली. या वेळी त्यात टोमणा नव्हता. तिनं उरलेला चहा पेल्यात ओतून जान्हवीपुढं ठेवला. “पी. गार हुतोय.”

मग एका रविवारी, ऊन वर आल्यावर, अण्णांचा आवाज आला. ते कुणाला तरी दंडाला धरून आणत होते. निषाद होता. अंगरख्यासारखा ढगळ स्वेटर, आणि दुसऱ्या हातात पेला.

“मागच्या अंगानं घुसत व्हता,” अण्णा म्हणाले. “फळीपाशी घावला. ह्ये बघ, आपला पेला. गोजरे, तुजा फुकट्या!”

पाहुणे पोह्याच्या बशा घेऊन बघायला लागले. कंदीलवाल्यांसारखाच एक ग्रुप होता. त्यातला एक पोरगा मोबाईल काढू लागला, तशी आत्यानं त्याच्याकडं असं बघितलं की मोबाईल खिशात गेला.

“मी ठेवायला आलो होतो,” निषाद म्हणाला.

“म्हंजी आदी न्येला व्हता.”

“नेला होता. राहिलोही फुकट, चहाही प्यायलो. दर आठवड्याला. सगळं खरंय.”

त्यानं इतक्या सरळपणे कबूल केलं की अण्णांची पंचाईत झाली. तंगडं मोडायला थोडा तरी खोटेपणा लागतो.

“आरं, पगारी दिसतोस. पेल्याला काय म्हाग झालास? आन न्यायाचा तर न्यायाचा, ह्योच का?”

निषादनं पेला दोन्ही हातांत धरला. जान्हवीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं, असं वाटत होतं.

“यावर नाव आहे म्हणून,” तो म्हणाला. “मला त्यातलं एकच हवं होतं. पण... अर्धा पेला नेता येत नाही. नांद्याला नेऊन ठेवला, तर दुसरं नाव रोज माझ्याकडं बघायचं. त्यांची वस्तू आहे, म्हणून परत आणली. पुन्हा येणार नाही मी.”

चुलीवर चहा वर आला आणि उतू गेला. आत्यानं तो जाऊ दिला. गोजराआत्यानं चहा उतू जाऊ दिलेला जान्हवीनं जन्मात बघितला नव्हता. आत्या अण्णांकडं बघत होती. अण्णा पेल्याकडं. जान्हवीला एकदम कळलं – यांना सगळं ठाऊक आहे. पातेलं का कमी पडतं, ती डावीकडून का जाते, ठाऊक आहे सगळं. फक्त कुणी म्हणायचं, एवढाच प्रश्न होता.

अण्णांनी घसा साफ केला. “आमची लेक... चार दिवस आलीय,” ते निषादला म्हणाले. आवाज मघासारखा राहिला नव्हता. “जावई हायेत. येत्याल न्यायला. तुमी जावा आता, सायेब.”

निषादनं मान हलवली, पेला फळीच्या कडेवर अलगद ठेवला आणि वळला.

जान्हवीनं हात पदराला पुसले. तो पेला उचलला, पातेल्यात उरला होता तेवढा चहा त्यात ओतला. थोडा चहा बोटांवर सांडला.

“अण्णा,” ती म्हणाली, “बोर्डावर मीच लिहिलंय ना, एकट्याला प्रवेश नाही? मग मलाही बाहेर काढा.”

“आगं, काय बोलतीयास... लोकं बघत्यात.”

“बघू देत.” तिनं पेला निषादपुढं धरला. तो थांबला होता. “मला न्यायला कुणी येणार नाही, अण्णा. तुम्ही होतात की तिथं, सह्या करताना. मी चार दिवस आलेली नाही. मी भुकूमचं घर सोडून कायमची आलेय. आणि हे इथं धरण बघायला येत नाहीत, चहासाठी येत नाहीत. हे माझ्याकडं येतात – आणि मी वाट बघते.”